खंड

प्रवेशाला काय काय लागतं, ते खिडकीच्या काचेवर चिकटवलेलं:
पदवीच्या तिन्ही वर्षांच्या गुणपत्रिका,
शाळा सोडल्याचा दाखला,
लग्नानंतर नाव बदललं असल्यास राजपत्राची प्रत,
चार फोटो, आणि तळाशी, बारीक अक्षरात,
शिक्षणात खंड असल्यास प्रतिज्ञापत्र.

कोळेकर मॅडमनी माझं बी.ए.चं साल बघितलं,
बोटांवर मोजायला घेतलं.
एक हात संपला, दुसरा संपला.
"सतरा," मीच म्हटलं.
हिशेबात मी पक्की आहे.

राजवाड्यात, कोर्टाच्या भिंतीला टेकून बसलेल्या टायपिस्टाकडे
मजकूर तयारच असतो, नाव आणि वर्षं तेवढी बदलायची.
मी, सौ. कुमुदिनी बाहुबली मगदूम, वय अडतीस, धंदा...
इथं तो थांबला. "घरकाम टाकू?"
टाका.
पुढचं त्याच्या बोटांना पाठ होतं:
सदर कालावधीत मी कोठेही प्रवेश घेतलेला नाही,
कोठेही नोकरी केलेली नाही,
कोणतेही गैरकृत्य केलेले नाही.
तीन नाहींच्या खाली माझी सही.

खोटं काहीच नव्हतं. नोकरी नव्हतीच ती.
मार्केट यार्डात सासऱ्यांच्या अडतीवर
मी फक्त मदतीला बसायचे, अकरा ते सहा,
राजापुरीच्या पट्ट्या लिहायला,
तोलाई, हमाली, सेस वजा जाता
समोरच्याला किती, ते काढून द्यायला.
रात्री न्हाणीत पाणी पिवळं वाहायचं.
नंतर मंगळवार-शुक्रवार मिरज, अप्पांचं डायलिसिस.
चार तास बाकड्यावर.
तिथंच कुणीतरी टाकून दिलेलं
सूक्ष्म अर्थशास्त्राचं पुस्तक मिळालं,
पहिली तीस पानं नव्हती.
मी एकतिसाव्या पानापासून सुरू केलं.

आता सोळा पेपर आहेत, ऐंशी श्रेयांक,
पंचाहत्तर टक्के हजेरी (शिमग्यानंतर आवक वाढते, तेव्हा काय करायचं
हे माहितीपुस्तिकेत नाही),
शेवटच्या सत्रात लघुप्रबंध आणि तोंडी परीक्षा.

पहिल्याच तासाला बिरनाळे सरांनी फळ्यावर लिहिलं:
भूमीला खंड, श्रमाला वेतन,
भांडवलाला व्याज, संयोजकाला नफा.
मी खंड या शब्दापाशी अडकले.
प्रतिज्ञापत्रातही तोच शब्द होता, नुसता, मोबदल्याशिवाय.
सर म्हणाले, जमीन वापरायला दिली
की मालकाला मिळतो तो खंड.
बाकीची बाविशीतली पोरं भराभर लिहून घेत होती.
मी विचारणार होते,
सतरा वर्षं वापरायला दिली असतील तर?
पण तास संपत आला होता आणि मला बस होती.

पुढच्या आठवड्यात राष्ट्रीय उत्पन्न.
गृहिणीची सेवा त्यात धरत नाहीत. का धरत नाहीत, पाच गुण.
मी उत्तर पुस्तकातलंच लिहिलं.
साडेचार मिळाले.

लघुप्रबंधाला विषय घेतलाय हळदीचा भाव,
रुमालाखाली ठरणारा.
दोन हात आत जातात, चेहरे दुसरीकडे बघत राहतात,
बोटं बोलतात, आणि भाव बाहेर येतो.
सर म्हणाले, प्राथमिक माहिती हवी, किमान पन्नास व्यापारी.
मी म्हटलं, माहिती रुमालाखाली आहे सर,
आणि तिथं बाईचा हात गेलेला
मी तरी बघितला नाही.

म्हणून दुपारी, काटा थंड असताना,
दस्तगीरचाचांनी खांद्यावरचा पंचा पुढं केला.
अप्पांच्या वयाचे, हमालीत चाळीस वर्षं काढलेले.
"घाला हात वैनी. म्या शिकवतो."
बोटं खरखरीत, नखांत हळद.
कुठली पेरं धरली की शेकडा, कुठली की दहा,
एकेक करून दाखवलं.
"आता तुमी बोला. काय भाव?"

मी दहा धरलं. मग सात दाबलं.
चाचांनी पंच्याखाली पुन्हा चाचपलं.
"सतरा?
सतरा कशाचं वो?"

तेवढ्यात पुढचा लॉट काट्यावर चढला.
मी हात काढून घेतला
आणि पट्टी लिहायला बसले.