खमीर घालताना ओरडावे

बाबा, तुमची कृती सापडली.
ट्रॅक्टरच्या टायरच्या बिलामागे, पेन्सिलीनं.
माल्ट: दोन पोती, त्यातलं एक अर्धं.
जुनिपर: कढईचा तळ दिसेनासा होईल इतकं,
पण उत्तरेच्या उतारावरचं नको.
का नको, ते लिहिलेलं नाही.
उकळणं: गायी परत येईपर्यंत.

गायी विकून अठरा वर्षं झाली.
मी चार तास धरले, अदमासे,
आणि लाकडं संपली तेव्हा थांबले.

शनिवारी तुम्हाला पुरायचं आहे.
चर्चमागची माती अजून गोठलेली, खणायला यंत्र येणार.
साठ माणसं, आणि गावची रीत अशी
की मयताची बिअर दुकानातून आणत नाहीत.

फडताळातलं लाकडी कडं काढलं,
त्याच्या खाचांत तुमचं खमीर, वाळून पापुद्रा झालेलं.
गोड कोमट पाण्यात बुडवलं, रात्रभर उशाशी ठेवलं.
एक बुडबुडा नाही.
वास ओल्या पुठ्ठ्याचा.

म्हणून कुंपण ओलांडलं.
ज्या कुंपणाच्या तीन हात जागेवरून
अकरा वर्षं तुम्ही हाल्डोरचं नाव घेतलं नाहीत
(‘तो पलीकडचा’ म्हणायचात, कुत्र्यालासुद्धा तसंच शिकवलंत),
ते ओलांडून, विरजण मागायला जावं
तशी हातात वाटी घेऊन.

त्यानं आत बोलावलं नाही.
दार उघडं टाकून तळघरात उतरला,
जॅमची बरणी घेऊन वर आला, तळाशी दाट, साईच्या रंगाचं.
“चौऱ्याऐंशीत नेलं होतं तुझ्या बापाकडून.
मरू दिलं नाही.”
बरणीवर चिकटपट्टी होती, तिच्यावर लिहिलेलं: ब्रिन्युल्फ.
शाई यंदाची होती.

कृतीतली शेवटची ओळ:
कोपर सोसेल, मनगट सोसणार नाही, इतकं गरम असताना
खमीर घालताना ओरडावे. जेवढा आवाज, तेवढा जोर.

मी बाही वर केली. कोपर बुडवलं. ओतलं.
तोंड उघडलं, आणि घशात
तीन दिवस न बोललेलं सगळं अडकून बसलं.
वाफेत उभी राहिले, मूर्खासारखी, आ वासून.

तेवढ्यात कुंपणापलीकडून हाल्डोर ओरडला.
म्हातारा, ब्याऐंशीचा, मोज्यांवरच अंगणात.
असा की डोंगरावर आदळून दोनदा परत आला आवाज,
तुमचं कुत्रं उठलं, भुंकू लागलं,
आणि मग मीही.

आता पिंपावर तुमचा जुना लोकरीचा कोट टाकला आहे,
बाह्या खालून बांधून.
पहाटे कान लावला तेव्हा आत कुजबुज सुरू झाली होती.
उद्या फेस वर आला की पहिला चमचा
हाल्डोरच्या बरणीत भरून परत द्यायचा.

बरणी धुऊन ठेवली आहे,
चिकटपट्टी भिजू न देता.