घराकडे तोंड

ओबेड ट्रास्क समुद्रावर कधी गेला नाही.
बांधलेल्या होडीत पाय ठेवला तरी
त्याच्या पोटात ढवळायचं.
पण बाथ गावातल्या प्रत्येक कप्तानाच्या घरी
शेकोटीच्या वर, घड्याळाशेजारी
त्यानं रंगवलेलं एक जहाज असायचंच.
बारा डॉलर. चौकटीचे वेगळे.

मी त्याची भाची. रंग घोटायचे.
जवसाचं तेल, शिशाचा सफेदा, दिव्याची काजळी.
नखांतला निळा लग्नादिवशीही निघाला नव्हता.

कप्तान यायचे तंबाखू चघळत
आणि बोटानं दोर मोजायचे.
"ट्रास्क, मधल्या डोलकाठीला एक दोर कमी आहे."
तो मुकाट्यानं काढून द्यायचा.
समुद्राकडे कुणी बघायचं नाही.
त्यांना तो पाठ होता,
मामाला खिडकीतून दिसेल तेवढाच.
वर्षानुवर्षं एकच लाट, हिरवट,
घडी घातलेल्या चादरीसारखी.
आणि सगळी जहाजं निघालेली.
"निघालेलं जहाज रुबाबदार दिसतं," म्हणायचा.

सत्तेचाळीसच्या मार्चात केझाया डनहॅम आली.
नदीवरचा बर्फ तडकत होता.
'पेशन्स' जाऊन सोळा महिने झाले होते.
तिनं रुमालाची गाठ सोडली:
सुटी नाणी, चांदीचा एक चमचा.
"तोंड इकडे करून काढा," म्हणाली. "घराकडे."

त्यानं सात कागद फाडले.
जहाज वळवायचं म्हणजे नुसतं उलटं काढणं नव्हे,
वारा बदलतो, निशाण बदलतं,
शिडांची पोटं दुसरीकडे फुगतात.
परतताना ते पाण्यात किती बुडालेलं असेल,
काय भरून येत असेल,
हे विचारायचं कुणाला?

शेवटी म्हाताऱ्या एलिफलेटच्या होडीतून
नदीच्या मुखाबाहेर गेला.
ओकत गेला, ओकत आला.
मधे कधीतरी मान वर करून
त्यानं गाव पाहिलं असणार
येणाऱ्याला दिसतं तसं.

केझायानं दोर मोजले नाहीत.
बराच वेळ पाण्याकडे बघत राहिली.
"एवढं काळं असतं?"
"तिथं असतं," मामा म्हणाला.
चमचा त्यानं ठेवून घेतला.
फुकट दिलं असतं तर तिनं नेलं नसतं.

त्यानंतर कप्तान कुरकुरू लागले,
जहाजाआधी लाटच डोळ्यांत भरते म्हणून.
गिऱ्हाईक तुटलं. मामा पाट्या रंगवू लागला,
चांभाराचा बूट, दात उपटणाऱ्याची दाढ.

चमचा माझ्याकडे आहे.
दांड्यावरची अक्षरं गेली.
कालवण ढवळायला बरा पडतो.