खाच

चार वर्षं करवत देवजीच्या मांडीवर बसून फिरली.
मडगार्डवर देवजी, त्याच्या मांडीवर ती,
पट्टी बाहेरच्या अंगाला, रस्त्याला दात दाखवत.
काम संपवून निघालो की सायलेन्सर तापलेला असायचा.
मध्ये गोणपाट. तरीसुद्धा
देवजीच्या उजव्या मांडीवर जुन्या रुपयाएवढा काळा डाग आहे.
एकदाच दाखवला मला, तोही हसत,
जसं कुणी गोंदण दाखवावं.

स्टोअरच्या पेडणेकरबाईंनी यादी उघडली.
करवत आहे. साखळी आहे. कानात घालायचे बोळे आहेत.
करवत ठेवायचं काही नाही.
"त्याला म्हणतात काय पण?"
आम्ही दोघं भिंतीवरच्या घड्याळाकडे बघत राहिलो.
नाव नसलेल्या वस्तूचा अर्ज
कुठल्या रकान्यात भरणार?

मग आपलं आपणच.

पहिली खेप पाइपाची.
सांडपाण्याचा जाड पाइप, उभा चिरलेला,
नायलॉनच्या दोरीने आवळून बांधला.
आरेतल्या तिसऱ्या खड्ड्याला करवतीने उडी मारली.
मागच्या रिक्षावाल्याने
आमच्या सात पिढ्यांची चौकशी केली.

दुसरी खेप लोखंडाची.
बालोद्यानातली घसरगुंडी मोडून भंगारात निघाली होती,
तिचा एक निळा पाय घेऊन मरोळला गेलो, मुनव्वरकडे.
त्याने करवत फरशीवर आडवी झोपवली,
कडेने खडू फिरवला, शिंप्यासारखा,
आणि मान हलवली:
लोखंडात लोखंड वाजेल. दात जातील.
आत लाकूड घाला.

लाकूड होतं.
शेडच्या पत्र्यावर भेंडीचा ओंडका वाळत पडलेला,
महाकालीच्या रस्त्यावर रिक्षा स्टँडवर कललेल्या झाडाचा.
आम्हीच उतरवलेलं ते.
भेंडी तडकत नाही, देवजी म्हणाला,
आजा गाडीच्या चाकाला तीच घ्यायचा.
त्याने दोरी ओढली, करवत चालू केली
आणि तिची जागा तिलाच कापायला लावली.
एक खाच. सोळा इंच.
झाडावर देवजीचा हात असा हळू कधी चालत नाही.
भुसा जांभळट पडला, चपलांवर, पायाच्या केसांवर.
वास कसला ते आठवेना,
दोघांनाही.

चार बोल्ट, प्रत्येकाखाली स्प्रिंग वॉशर,
जुन्या ट्यूबच्या पट्ट्या, एक कडी, एक खिटी.
घसरगुंडीच्या पायावर कुणा पोरीने
टोकदार काहीतरी घेऊन नाव कोरलेलं: ओवी.
मुनव्वरने तेवढं सोडून वेल्डिंग मारलं.
मी सांगितलं नव्हतं.
पैसे विचारले तर म्हणाला,
आमच्या गल्लीत बदाम आहे एक,
फांदी खिडकीत शिरते. या कधीतरी.
मी म्हटलं, अर्ज द्यावा लागेल.
तेव्हा कुठे तो हसला.

सोमवारी करवत खाचेत बसली. खट्‌.
ओढून पाहिली, हलवून पाहिली,
देवजीने लाथसुद्धा मारून पाहिली.
सिग्नलला एका पोलिसाने विचारलं, हे काय बसवलंय?
देवजी म्हणाला, घर.
मग लाजला, आणि म्हणाला, स्टँड, साहेब, स्टँड.

पवईच्या चढापर्यंत त्याला हातांचं काय करावं कळेना.
मांडीवर ठेवले. काखेत दाबले.
एक हात जाऊन करवतीच्या मुठीवर बसला,
चार वर्षांची सवय.
तलाव डावीकडे राहिला तसा तोही सुटला.
मान पुढे, तोंड किंचित उघडं,
तिन्हीसांजेच्या गर्दीत
देवजी वरठा मडगार्डवर झोपला होता,
दोन्ही तळवे वर, रिकामे.

पुढचा गतिरोधक मी पहिल्या गिअरमध्ये घेतला.
मागून हॉर्न वाजले.
करवत हलली नसतीच, मला माहीत होतं.