काडतुसे : निरंक

मुद्देमालाच्या खोलीत ती तिसऱ्या खिळ्यावर असते.
आखूड नळी, वाकड्या मुठीचा बोल्ट,
दस्त्यावर कोरलेल्या आकड्यात शेवटी सात की एक,
हे खारं वारं ठरवू देत नाही.

गुन्हा सत्तावन्न सालचा. शिरोड्याच्या पुळणीवर
रिकामी होडी, भिजलेल्या तंबाखूची पोती
आणि ही. तेरेखोलपलीकडच्या कुठल्याशा पोलिसाची असावी.
आरोपी : फरारी. साक्षीदार : नाहीत.
आणि शेवटच्या रकान्यात दर मार्चला,
सतरा हस्ताक्षरांत,
काडतुसे : निरंक.

माप विचित्र. बंदुकीच्या अंगात पिस्तुलाचा घसा.
आमच्या रिव्हॉल्वरची गोळी आत घरंगळते,
पंचेचाळीसची ओठांवरच अडते.
रत्नागिरीचा आर्मरर हसून म्हणाला होता,
हिचं जेवण आता जगात कुणी रांधत नाही.

आडेलकर हवालदार तिला उंडीचं तेल लावायचे,
होडीला लावतात तेच.
निवृत्तीच्या संध्याकाळी किल्ल्या देताना म्हणाले,
"गरीब आसा ती. एकदाय वाजूक नाय."
मीही लावते. नऊ वर्षं झाली.

परवा मोचेमाडचा जुजे फर्नांडिस आला,
लाकडाच्या गिरणीचा, घामेजलेला, चिडलेला.
तांडेलांच्या परसातला फणस कापायला घेतलेला;
मुलानं तो कतारहून फोनवरच विकलाय.
"बाई, करवतीचे दोन दात ग्येले. ह्या बघा."
रुमालात शिशाचं बोंड,
चिकानं माखलेलं, एका अंगानं चेपलेलं.
बुंध्यात कुठं, विचारलं,
तर त्यानं हात स्वतःच्या छातीवर ठेवला.

झाड वाढतं शेंड्याकडून.
जखम वर सरकत नाही.
झाली त्याच उंचीवर राहते, वर साल येते,
फणस धरतात,
कुणीतरी खाली बसून गरे सोडतं.

तो गेल्यावर दार लोटून घेतलं.
न चेपलेलं टोक नळीच्या तोंडाला लावलं.
घरंगळलं नाही. अडलं नाही.
बसलं.

बंदरावर बांगड्याचा लिलाव चालला होता,
कुणीतरी शेकड्याचा भाव ओरडत होतं,
दुसरा त्याला खोटा म्हणत होता.
फणसाला पाठ लावून कोण उभं होतं,
की कुणीच नव्हतं,
की हुकूम ऐकूनही एखाद्यानं
नेम हातभर बाजूला नेला,
असा रकाना रजिस्टरात नाही.

वरून पत्र आलंय : जुनी हत्यारं वितळवण्यास पाठवावीत,
सोबत यादी, तीन प्रतींत.
दोन प्रती झाल्या.
तिसरीत "काडतुसे" लिहून, दोन टिंबं देऊन
पेन बाजूला ठेवलं
आणि तिला खिळ्यावरून उतरवलं.

नळीच्या तोंडाला चीक लागलाय.
पाण्यानं तो निघत नाही,
त्याला तेलच लागतं.