अदमास

बोडीवर जाळं पुरुष ओढतात.
काठापर्यंत त्यांचं काम.
काठापासून पुढं मासा बाईचा.
निवडायचा, धुवायचा, ओल्या पोत्यात गुंडाळायचा,
मरळ वेगळी, ती मेल्यावरही उडी मारते,
झिंगे पळसाच्या पानात,
आणि बारक्या मुऱ्या घरच्या भाजीला,
ज्यांचा भाव कोणी विचारत नाही.

फुलवंता मारबते, माझी मावशी,
डोक्यावर टोपलं, टोपल्याखाली चुंबळ,
अडीच कोस. टोपलं गळत राहतं मानेवरून पाठीत.
"उन्हाळा काय नि हिवाळा काय,
माही पाठ ओलीच."

तराजू होता तिच्याकडे, पण तो गिऱ्हाइकासाठी.
ती मासा हातावर घ्यायची,
एकदा वर, एकदा खाली:
"पाऊण. वर बोटभर."
मग तराजूही तेच म्हणायचा.

ठेकेदारानं चार्जिंगचा काटा आणला त्या साली.
लाल आकडे. बायका गप्प.
मावशीनं रोहू उचलला, परत ठेवला.
"तुह्या काट्याले झोप लागली रे, पोरा. दीडशेची."
तो हसला.
सोसायटीतून लोखंडी वजनं आणली कोणीतरी.
शंभरच निघाले.
आठवडाभर तिला त्या पन्नासाचं वाईट वाटत होतं.

मलाही शिकवलं.
शिंगाडे तोडून काळ्या पडलेल्या बोटांनी
माझी मूठ उघडली, वर ठेवली जिवंत वाम.
"डोरे मिट. किती?"
"अर्धा किलो."
"खोटं. भ्याली तू.
भेवाचं वजन काढ, मंग सांग."

आता मी उपकेंद्रात नर्स.
झोळीच्या काट्याला नवी बाळं टांगते.
त्याआधी दोन तळव्यांवर, क्षणभर,
कोणी पाहत नसताना.

आज पहाटे नदीपलीकडची एक बाई
दारातच बसली कळा देत.
पाच वाजून दहा मिनिटं. मुलगी.
ओली, निसटती, तोंड उघडझाप करणारी.
मी डोळे मिटले. भेवाचं वजन काढलं.
दोन किलो चारशे.
काट्यावर दोन चारशे वीस.
रजिस्टरात काट्याचंच लिहिलं.

"किती भरली?" आईनं विचारलं.
सांगितलं.
तिनं पोर घेतली, एकदा वर, एकदा खाली,
तिच्याही बोटांच्या टोकांवर काळे डाग.
"जास्त हाय, बाई," म्हणाली,
आणि पदराखाली घेतली.