शून्यापाशी

परकारचाचांचं दुकान रुवीच्या मागल्या गल्लीत.
पाटीतला एक दिवा कायम बंद,
दुसऱ्यांचं दुरुस्त करता करता राहूनच गेलेला.

पहिल्या दिवशी त्यांनी माझा हात धरून
एका जुन्या ॲम्प्लिफायरच्या पंखांवर टेकवला.
चटका बसला.
"गाणं कुठाय?"
"लावलेलंच नाही. हा क्लास ए.
गाणं असो नसो, जळतच असतो,
म्हणून ह्याच्या आवाजाला कुठे सांधा सापडत नाही.
बिल मात्र दोनदा:
एकदा ह्याला तापवायचं, एकदा खोली थंड करायची."
बाहेर जून. अठ्ठेचाळीस.

क्लास बी मला समजवावा लागला नाही.
वादी कबीरच्या खोलीत एकच खाट होती,
रात्री माझी, दिवसा पोशेट्टीची;
तो बेकरीत रात्रपाळीला.
लाटेचा वरचा अर्धा एकाने उचलायचा,
खालचा दुसऱ्याने.
एक जागा असला की दुसरा मिटलेला,
घरमालकाला परवडतं.
घोटाळा फक्त शून्यापाशी.
एकाचं संपलेलं, दुसऱ्याचं अजून सुरू नाही,
तेवढ्यात आवाज खरवडतो.
पहाटे सहाला दारात आम्ही असेच भेटायचो,
तो पिठाने पांढरा, मी अर्धा झोपेत,
तोंड उघडायचं आणि काहीच निघायचं नाही.

"बायस दे," चाचा म्हणाले. "किंचित.
दोघांतला कुणी पुरता विझू नये, इतकाच."
मी खिडकीत चहाचा थर्मास ठेवू लागलो.
तो फडक्यात गुंडाळून गरम खुबूस आणायचा.

सी त्यांनी एका वाक्यात उरकला:
"हा गाण्याचा नाही, ट्रान्समीटरचा.
फेरीत एकदाच बोट लावायचं,
उरलेली फेरी झोकाच पुरी करतो."
दापोलीला ते दोन वर्षांतून एक महिना जात.
नंतर बराच वेळ उगाच सोल्डर वितळवत बसले.

मग खोक्यांतून डी आले. हलके, गार.
चालू-बंद, चालू-बंद, सेकंदाला लाखो वेळा.
मधलं काही नाहीच,
मधलं सगळं शेवटी गाळणी जुळवते.
चाचांनी तळवा ठेवला.
"जिवंत आहे का रे हा?"
होता. छान वाजत होता.

नोव्हेंबरात बेकरी विकली गेली,
पोशेट्टी जगित्यालला परतला.
आता अख्खी खाट माझी, दोन्ही पाळ्यांची.
जोडीतला एक ट्रान्झिस्टर काढला
की स्कोपवर अर्धीच लाट उरते:
एक डोंगर, मग सपाट,
एक डोंगर, मग सपाट.

सहाला जाग येतेच.
थर्मास भरतो, खिडकीत ठेवतो.
थोड्या वेळाने मीच पितो.