एर्मोसिनाबाईंचं दार

जेवणानंतरचा तास. बंदरावर कुठलंसं जहाज भोंगा देतं,
खिडकीची सैल काच थरथरते,
आणि ओयार्सून बाई खडू दाबून लिहितात:
कार्य म्हणजे बल गुणिले विस्थापन.
आमच्या भाषेत कामाला आणि कार्याला
एकच शब्द आहे, त्राबाहो,
म्हणून आम्हाला जरा वेळ लागला.

बाईंनी जाडजूड शब्दकोश उचलला,
हात ताठ करून समोर धरला.
"आत्ता मी किती कार्य करतेय?"
मनगट कापायला लागलं.
कुणी म्हणालं वीस, कुणी शंभर.
"शून्य," बाई म्हणाल्या, आणि कोश धाडकन टेबलावर.
"वस्तू हलली का? नाही ना?
भौतिकीला तुमच्या घामाशी देणंघेणं नाही."
वर्ग हसला. मी वहीत एक शून्य काढलं
आणि गिरवत बसले, कागद फाटेपर्यंत.

माझे वडील वाल्परायसोच्या टेकड्यांवर
गॅसचे सिलिंडर वाहतात.
ट्रक थांबतो तिथून पुढे रस्ताच नाही;
पायऱ्या, कुत्री, वाळत घातलेल्या चादरी.
ते पान्यानं सिलिंडर बडवतात, ठण ठण ठण,
मग वरच्या एखाद्या खिडकीतून बोट दिसतं: एक.

शनिवारी मी पट्टी घेऊन त्यांच्या मागे गेले.
पायऱ्या तीनशे बारा, प्रत्येकी सतरा सेंटिमीटर.
दहाबारा मोडक्या होत्या, त्या सरासरीत ढकलल्या.
पपा सत्तर किलो, भरलेला सिलिंडर तीस,
गुरुत्व नऊ पूर्णांक आठ.
जवळजवळ बावन्न हजार ज्यूल!
मी खाली दोन रेघा ओढल्या.

सोमवारी बाई म्हणाल्या, छान, आता कॅलरीत कर.
चार हजार एकशे शहाऐंशीनं भागलं.
बारा. साडेबारासुद्धा नाही.
पावाचा एक घास,
तोही लहान मुलाचा.

रात्री जेवताना सांगून टाकलं.
पपांनी पावाचा एवढासा तुकडा मोडला,
ताटाच्या कडेवर ठेवला, निरखून पाहिला.
"हा एक सिलिंडर?"
"हो."
"मग बाकीचा पाव जातो कुठे?"
"बराचसा उष्णतेत."
त्यांनी कॉलरमध्ये हात घातला, मान चाचपली.
"म्हणजे शेगडीच म्हण की. पायांची शेगडी."
आई हसता हसता खोकायला लागली.
"आणि उतरताना?"
"उतरताना गुरुत्व कार्य करतं, पपा."
"ते जरा माझ्या गुडघ्यांना समजाव."

परीक्षेत तिसरा प्रश्न असा होता:
एक मनुष्य तीस किलोचं ओझं खांद्यावर घेऊन
दहा मिनिटं दारात स्थिर उभा आहे. कार्य काढा.
मला ते दार दिसलं. रंग उडालेलं, निळं,
सगळ्यात वरच्या पायरीचं.
आत एर्मोसिनाबाई बरणीत नाणी शोधतायत,
मग चष्मा, मग दुसरी बरणी,
आणि पपा सिलिंडर खाली ठेवत नाहीत,
कारण ठेवला की पुन्हा उचलावा लागतो.
मी लिहिलं: शून्य. कारण विस्थापन नाही.
सातपैकी सात मिळाले.

पेपरवर पालकाची सही लागते.
दोन दिवस तो दप्तराच्या तळाशी ठेवला.
तिसऱ्या रात्री पपांनीच बाहेर काढला,
दिव्याखाली धरून बोट ठेवत ठेवत वाचला,
आणि तिसऱ्या प्रश्नावर बोट थांबलं.
शेजारच्या घरात किटली शिट्टी घालत होती,
कुणी उठून बंद करत नव्हतं.
"दहा मिनिटं?" ते म्हणाले, पेनासाठी खिसे चाचपत,
"एर्मोसिनाबाई पंधरा लावतात."
आणि शून्याच्या अगदी शेजारी,
थोडी वाकडी, सही केली.